बजींच्या जमलेल्या जोडीत तिसऱ्याचे आगमन

भाड्याच्या सदनिकेत कुत्रा ठेवण्यास घरमालकाची ना असते, मांजराच्या केसांचे घरातल्या कोणाला तरी वावडे असते, आणि मुलांचा हट्ट काही केल्या ओसरत नाही. अमेरिकेतील अनेक मराठी घरांत पक्ष्यांचा पिंजरा येतो तो असा. एकट्या पक्ष्याला करमणार नाही म्हणून दोन बजी आणले जातात. वर्षभरात त्यांची जोडी जमते. एकमेकांची मान खाजवणे, एकाच दांडीवर खेटून झोपणे, सकाळी पडदा सरकताच दोघांनी मिळून कलकलाट करणे हा घराचा नित्यक्रम होऊन जातो. मग एखाद्या शनिवारी पाळीव प्राण्यांच्या दुकानात काचेपलीकडे पिवळ्या डोक्याचे एक पिल्लू दिसते. 'दोन आहेत तिथे तिसरा' असे म्हणत ते त्याच संध्याकाळी जुन्या पिंजऱ्यात सोडले जाते. पुढच्या दोन-तीन दिवसांत पायाचे बोट तुटलेला नवा पक्षी, किंवा महिन्याभरात तिघेही आजारी, अशी या शनिवारची अखेर होऊ शकते.

जमलेल्या जोडीला तिसऱ्या सोबत्याची गरज नसते, हे आधीच लक्षात घेतलेले बरे. तिसरा पक्षी माणसाच्या हौसेसाठी येतो. त्यात गैर काही नाही. बजी हा मुळात थव्याचा पक्षी आहे आणि नीट झालेली तिघांची ओळख पुढे वर्षानुवर्षे टिकते. मात्र ती ओळख दीड ते दोन महिन्यांचे काम आहे आणि त्यातला बराचसा काळ नवा पक्षी जुन्यांच्या नजरेसही पडता कामा नये.

नावाचा घोटाळा

मराठी वाचकाच्या बाबतीत पहिली अडचण भाषेची आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधील पक्ष्यांच्या दुकानांत असो वा पुण्यातील सोसायटीच्या गॅलरीत, ज्या पक्ष्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हटले जाते तो बहुतेक वेळा बजी असतो. खरा लव्हबर्ड निराळा. तो आफ्रिका आणि मादागास्करकडील आखूड शेपटीचा, जाड चोचीचा, अंगाने बजीपेक्षा भारी असा पक्षी आहे. अमेरिकेतील दुकानदार 'लव्हबर्ड' हा शब्द ऐकल्यावर हाच पक्षी पुढे करतो. त्याची चोच आणि त्याचा तापट स्वभाव यांपुढे बजीचा निभाव लागत नाही. एका पिंजऱ्यात ठेवल्यास बजीला गंभीर इजा होण्याचा धोका खरोखरचा आहे. तेव्हा तिसरा पक्षी आणायचा तर दुकानात 'बजी' किंवा अमेरिकी बोलीत 'पॅराकीट' असेच विचारावे आणि पक्षी डोळ्यांनी पारखून घ्यावा.

बजी म्हणजे बजरीगर, शास्त्रीय नाव मेलोप्सिटॅकस अंड्युलेटस. हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला भटका पक्षी. जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८०५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि पक्षितज्ज्ञ जॉन गोल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला आणले, तेथून तो जगभरच्या घरांत पसरला. आजोळच्या ओट्यावरचा हिरवा पोपट आता भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाळता येत नाही. बजीला ही अडचण नाही, कारण तो तिथला नव्हेच.

ऑस्ट्रेलियात पाऊस पडला की गवत बियांनी लगडते आणि बजींचे थवे तिकडे वळतात. वीण तेव्हाच होते. नीलगिरीसारख्या झाडांच्या ढोल्या ही घरट्याची जागा असते, आणि चांगली ढोली मिळवणे व राखणे हे मादीचे काम असते. या एका गोष्टीतून घरातल्या पिंजऱ्यातील बरीच भांडणे समजतात. नर बजी सहसा बडबड्या आणि नमते घेणारा असतो, तर मादी जागेच्या बाबतीत कमालीची हट्टी असते. पिंजऱ्यात ढोलीसारखे काही दिसले, मग ती नारळाची करवंटी असो, झोपायची कापडी खोपी असो वा रिकामा खोका, तर दोन माद्या त्यावरून एकमेकींच्या जिवावर उठू शकतात.

तिसरा कोण असावा

हा प्रश्न दुकानात शिरण्यापूर्वी सोडवायचा असतो, आणि त्याचे उत्तर घरातली जोडी कोणाची आहे यावर अवलंबून आहे. प्रौढ बजीचे लिंग चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती असलेल्या मऊ भागावरून ओळखतात. पक्षीपालक त्याला 'सिअर' म्हणतात. नरात तो निळा, मादीत फिकट निळसर-पांढरा ते तपकिरी. वीणीच्या काळात मादीचा सिअर गडद तपकिरी आणि खरबरीत होतो. पिल्लांत तो गुलाबी किंवा जांभळट असल्याने तीन-चार महिन्यांच्या आत केलेले निदान चुकू शकते. पूर्ण पिवळ्या, पूर्ण पांढऱ्या आणि काही कबऱ्या वाणांतील नरांचा सिअर तर आयुष्यभर गुलाबी-जांभळाच राहतो. घरातली 'नर-मादी' म्हणून आणलेली जोडी दोन नरांची निघते ती यामुळेच. शंका असेल तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे पीस किंवा रक्ताचा नमुना देऊन चाचणी करता येते.

घरात दोन नर असतील तर तिसरा नर हा सर्वांत सुखाचा मार्ग. तिघे नर दिवसभर गप्पा मारतात, आलटून पालटून एकमेकांना भरवतात आणि क्वचितच विकोपाला जातात. दोन नरांत एक मादी आणली की जुन्या मैत्रीत चुरस सुरू होते. दोन माद्यांत तिसरी मादी आणणे टाळावेच. खरी अडचण सर्वसामान्यपणे आढळणाऱ्या नर-मादीच्या जोडीची आहे. तिथे दुसरी मादी आली तर दोघी माद्या भांडतात. दुसरा नर आला तर मादीसाठी चढाओढ होते, पण ती तुलनेने सौम्य असते. नर-मादीच्या जोडीत तिसरा आणायचाच असेल तर तो नर असावा आणि वीण रोखण्याची सर्व खबरदारी घेतलेली असावी. चौथा पक्षी आणून 'दोन जोड्या' केल्या की सगळे सुरळीत होते असे पुष्कळ लोक सांगतात. पक्षी मात्र आपली जोडी माणसाने ठरवल्याप्रमाणे जमवत नाहीत, आणि लहान पिंजऱ्यात चौघे म्हणजे भांडणाला आणखी दोन तोंडे.

वयाचाही विचार करावा. डोक्यावरील आडव्या काळ्या रेषा चोचीपर्यंत पोहोचलेल्या असतील तर पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला असतो. पहिल्यांदा पिसे गळाल्यावर कपाळ मोकळे होते. पिल्लू माणसाळायला सोपे, पण प्रौढ मादीसमोर दुबळे. प्राणी-आश्रयगृहांतही बजी मिळतात आणि तेथील प्रौढ पक्ष्याचे लिंग व स्वभाव आधीच ठाऊक असतो, हा फायदा दुकानातल्या गोजिरवाण्या पिल्लापेक्षा मोठा आहे.

विलगीकरण: कंटाळवाणे आणि अपरिहार्य

कोविडच्या काळाने 'विलगीकरण' हा शब्द घरोघरी पोहोचवला. पक्षीपालनात तो फार जुना आहे. नवा पक्षी किमान ३० दिवस, जमल्यास ४५ दिवस, वेगळ्या खोलीत ठेवावा. एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन पिंजरे ठेवणे याला विलगीकरण म्हणत नाहीत, कारण पिसांची धूळ आणि वाळलेल्या विष्ठेचे कण हवेतून फिरतात.

शिकार होणारे पक्षी आजार लपवतात. थव्यात अशक्त दिसणारा पक्षी ससाण्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून बजी अगदी अखेरपर्यंत धडधाकट असल्याचा बहाणा करतो. दुकानात टुणटुणीत वाटलेला पक्षी घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिसे फुगवून बसतो, तेव्हा आजार नवा नसतो. तो फक्त आता दिसू लागलेला असतो. हे दिसण्यासाठीच तर एवढे दिवस द्यायचे.

नव्या पक्ष्याबरोबर येऊ शकणारे आजार बरेच आहेत, पण घराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा सिटॅकोसिस. क्लॅमिडिया सिटॅसी या जिवाणूमुळे होणारा हा आजार माणसालाही होतो. १९२९-३० मध्ये त्याची साथ अनेक देशांत पसरली होती आणि त्या धास्तीने अमेरिकेने १९३० मध्ये पोपटांच्या आयातीवर बंदी घातली होती. आज प्रतिजैविकांमुळे त्याची तेवढी भीती उरलेली नाही. तरीही ताप, तीव्र डोकेदुखी, कोरडा खोकला अशी लक्षणे दिसल्यास आणि घरात नुकताच पक्षी आणला असल्यास ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. न सांगितल्यास निदान साध्या फ्लूवर थांबू शकते. भारतातून काही महिने राहायला आलेले आईवडील घरात असतील तर अधिकच काळजी घ्यावी, कारण वृद्धांत हा संसर्ग न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. पिंजऱ्यातील कागद कोरडा झटकू नये. पाणी शिंपडून ओला करावा, गुंडाळावा आणि मग टाकावा. एवढ्या साध्या सवयीने धोका पुष्कळ कमी होतो.

बजींत विशेष आढळणारा दुसरा आजार जठरातील एका बुरशीचा, मॅक्रोऱ्हॅब्डस नावाचा. पक्षी दिवसभर खाताना दिसतो आणि तरी वाळत जातो. विष्ठेत न पचलेले दाणे दिसतात. पिसे आणि चोच यांवर घाला घालणाऱ्या सर्कोव्हायरसवर तर औषधच नाही. चोचीवर आणि पायांवर मधाच्या पोळ्यासारखी खरबरीत खपली दिसली तर तो माइट या सूक्ष्म किड्याचा त्रास असतो. तो औषधाने जातो, मात्र संपर्काने पसरतो. उलटी आणि भरवणे यांतील फरक ओळखता आला पाहिजे. नर बजी डोके वरखाली करत दाणे वर आणतो आणि सोबत्याच्या किंवा आरशाच्या तोंडी देतो, हे प्रेमाचे लक्षण. डोके झटकून दाणे इकडेतिकडे उडत असतील आणि कपाळावरची पिसे चिकट झाली असतील तर ती उलटी, आणि डॉक्टरकडे जाण्याची वेळ.

या काळातील सर्वांत उपयोगी साधन म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा. दुकानात मिळणारा बजी साधारण ३० ते ४० ग्रॅमचा असतो, तर प्रदर्शनासाठी वाढवलेला इंग्लिश बजी याहून बराच भारी. रोज सकाळी दाणे देण्यापूर्वी वजन करून लिहून ठेवावे. दहा टक्क्यांची घट डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे साडेतीन ग्रॅम कमी होणे ही धोक्याची घंटा आहे.

पहिल्या आठवड्यातच पक्ष्यांच्या डॉक्टरकडे तपासणी करून घ्यावी. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक पशुवैद्य बजी पाहत नाही. फोन करून तसे विचारावे. विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि सिटॅकोसिसची चाचणी यांचा खर्च पक्ष्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो आणि इथे अनेकांचे मन कचरते. 'तीस डॉलरच्या पक्ष्यासाठी दोनशे डॉलर?' असा हिशेब मांडला जातो. तो हिशेब चुकीच्या पक्ष्याचा आहे. तपासणी होते ती नव्या पक्ष्याची, पण पैसे खर्च होतात ते जुन्या दोघांना वाचवण्यासाठी.

अमेरिकेतील घरांची एक अडचण वेगळी सांगितली पाहिजे. बहुतेक घरांत तापवलेली किंवा थंड केलेली हवा एकाच यंत्रातून सगळ्या खोल्यांत फिरते. विलगीकरणाच्या खोलीत हवा येण्या-जाण्याच्या दोन्ही जाळ्या शक्य तितक्या झाकाव्यात, आणि खोली फार थंड होणार नाही हे पाहावे. एका शयनगृहाच्या सदनिकेत हे जमणे कठीण. अशा वेळी पक्षी नसलेल्या एखाद्या मित्राच्या घरी महिनाभर पाहुणचार हा उत्तम उपाय आहे. स्वयंपाकघरात मात्र नवा पिंजरा कधीही ठेवू नये. अति तापलेल्या नॉनस्टिक भांड्यातून निघणारा वायू पक्ष्याचा काही मिनिटांत जीव घेतो. फोडणीचा ठसका, अगरबत्ती, धूप आणि कापूर यांचा धूरही त्याच्या नाजूक श्वसनसंस्थेला झेपत नाही. गणपतीचे दहा दिवस पिंजरे देवघरापासून सर्वांत लांबच्या खोलीत असावेत.

रोजच्या कामाचा क्रम ठरलेला असावा. आधी जुन्या जोडीचे दाणापाणी, मग नव्याचे. नव्याकडून आल्यावर हात साबणाने धुऊन, शक्य तर सदरा बदलून मगच जुन्यांकडे जायचे. भांडी, झाडू, दांड्या, खेळणी यांची अदलाबदल नाही. या एकांताचा फायदाही आहे. जोडीत गेल्यावर नवा पक्षी माणसाकडे ढुंकून पाहत नाही. हातावर बसायला शिकवायचे असेल तर हेच ते दिवस. राळ्याचे कणीस हे त्यासाठी उत्तम लालूच. अमेरिकी दुकानांत 'स्प्रे मिलेट' म्हणून मिळणारे कणीस म्हणजे महाराष्ट्रात एकेकाळी घरोघरी शिजणारे राळेच, हे पाहून अनेकांना गंमत वाटते.

आवाजातून होणारी ओळख

भिंतीआडचा नवा पक्षी जुन्यांना दिसत नसला तरी ऐकू येतो. खरी ओळख येथूनच सुरू होते. बजीची एक लहानशी साद असते. थव्यातल्या सोबत्यांना 'मी इथे आहे' असे सांगणारी. मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की, अनोळखी नर एकत्र ठेवल्यावर काही आठवड्यांत त्यांच्या सादा एकमेकांसारख्या होऊ लागतात. पुढे २००० मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी नर-मादीच्या नव्या जोड्यांवर अभ्यास केला, तेव्हा नर मादीच्या सादेची नक्कल करतो असे दिसून आले. थव्यात सामील होणे म्हणजे त्या थव्याची बोली उचलणे. न्यू जर्सीत वाढणारी मराठी मुले जे घरात करतात, काहीसे तसेच. विलगीकरणाच्या तिसऱ्या आठवड्यात दोन खोल्यांमधून सादप्रतिसाद सुरू झाला तर ते शुभलक्षण समजावे.

समोरासमोर

महिना-दीड महिना निर्विघ्न पार पडला आणि डॉक्टरांनी होकार दिला की, नवा पिंजरा जुन्यांच्या खोलीत आणावा. आरंभी दोन्हींत काही फुटांचे अंतर असावे. दोन-तीन दिवसांनी ते कमी करावे, पण पिंजरे एकमेकांना चिकटवू नयेत. गजांना लटकलेल्या पक्ष्याच्या पायाची बोटे पलीकडच्या मादीच्या चोचीत सापडतात आणि तुटतात. 'पिंजऱ्यात सुरक्षित आहे' म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरांत हा अपघात होतो. या टप्प्याला आठवडा द्यावा. दोन्हीकडचे पक्षी एकाच वेळी खाऊ लागले, एकाच वेळी दुपारची डुलकी घेऊ लागले की पुढे जाण्यास हरकत नाही.

पुढची भेट पिंजऱ्याबाहेर आणि कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या जागी. जुनी जोडी ज्या पडद्याच्या दांडीवर रोज बसते ती खोली नको. निराळी खोली निवडावी. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आरसे झाकलेले, छताचा पंखा थांबवलेला, शौचालयाचे झाकण लावलेले. मध्यभागी दांड्यांचा एक फिरता मांडव आणि त्यावर दोन-तीन ठिकाणी राळ्याची कणसे. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे पुरेत. नवा पक्षी जोडीच्या मागे मागे उडेल, त्यांनी केले ते करू पाहील. मादी त्याला एक-दोनदा चोच दाखवून हुसकावेल. हे व्हायचेच. या भेटी आठवडाभर रोज घडाव्यात.

एकत्र पिंजरा तिघांना पुरेसा हवा. किमान १०० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि तितकाच उंच पिंजरा ही सुरुवात मानावी. गजांमधील अंतर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. बजी हेलिकॉप्टरसारखा वर चढत नाही, आडवा उडतो. त्यामुळे दुकानांत मिळणारे उंच, निमुळते, घुमटाचे देखणे पिंजरे बैठकीची शोभा वाढवतात आणि पक्ष्याच्या काही कामाचे नसतात. शक्य असेल तर तिघांसाठी पूर्ण नवा पिंजरा घ्यावा. नसेल तर जुना रिकामा करून स्वच्छ धुवावा, दांड्या व खेळणी वेगळ्या रीतीने मांडावीत आणि पिंजरा दुसऱ्या भिंतीला ठेवावा. आधी नव्याला तासभर आत सोडून जागा पाहू द्यावी, मग जोडीला. घर कोणाचे हा प्रश्नच मग धूसर होतो.

दाण्यापाण्याची भांडी पक्ष्यांपेक्षा एक जास्त असावी आणि ती एकमेकांपासून दूर असावीत, म्हणजे एका मादीला सगळ्यांवर पहारा ठेवता येत नाही. सर्वांत उंच दांडी हे मानाचे आसन असते. एकाच उंचीवर दोन-तीन दांड्या दिल्या की मानापमानाचे नाट्य बरेचसे टळते. करवंट्या, खोपी, खोके बाहेर. उजेड दहा ते बारा तासांपेक्षा जास्त नको. उत्तरेकडच्या राज्यांत उन्हाळ्यात रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो आणि लांबलेला दिवस मादीच्या शरीराला वीणीचा सांगावा देतो, म्हणून संध्याकाळी जाड कापडाने पिंजरा झाकावा.

हे सारे सकाळी करावे आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे अंधार पडेपर्यंत लक्ष ठेवता येईल. अंधारात बजी बिचकतात आणि नव्या जागी धडपडतात. पहिल्या आठवड्यात खोलीत मंद दिवा ठेवावा. नव्याचा जुना पिंजरा हाताशी, दाण्यापाण्यासह तयार असावा.

किती भांडण चालेल

चोचीला चोच लावून दोन क्षण तलवारबाजी, भांड्यावरून हुसकावणे, चिडून केलेला एखादा कर्कश आवाज, जागा बळकावणे हे चालते. मध्ये पडण्याची माणसाची घाई उलट अपाय करते, कारण पक्ष्यांना आपली उतरंड ठरवायची असते. नव्याचे नऊ दिवस पक्ष्यांतही असतात. दुसऱ्या आठवड्यात बहुतेक कुरबुरी निवतात.

धोक्याची चिन्हे निराळी. एकच पक्षी दुसऱ्याचा अविरत पाठलाग करतो, त्याला खाऊ देत नाही, त्याच्या पायांना किंवा सिअरला चावतो, दोघे एकमेकांना धरून पिंजऱ्याच्या तळावर पडतात. याहूनही फसवे चिन्ह म्हणजे शांतता: नवा पक्षी एका कोपऱ्यात तळाशी गप्प बसून असतो आणि घरातले 'बघा, किती शहाणा आहे' म्हणत असतात. वजनाचा काटा इथे पुन्हा कामी येतो. तीन दिवसांत वजन घसरले तर त्याला खायला मिळत नाही, मग दिवसा कितीही गोडी दिसो.

रक्त दिसले तर तत्काळ वेगळे करावे. ३० ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात जेमतेम ३ मिलिलिटर रक्त असते. माणसाला क्षुल्लक वाटणारे दहा-बारा थेंब त्याच्यासाठी गंभीर आहेत. बोटाच्या किंवा नखाच्या जखमेवर कॉर्नफ्लॉर दाबून धरावे, पक्ष्याला उबदार, मंद उजेडाच्या जागी ठेवावे आणि डॉक्टरला फोन करावा. आपत्कालीन वेळेत पक्षी पाहणारे रुग्णालय कोणते, हे आधीच शोधून फ्रिजवर चिकटवलेले बरे.

डिसेंबरचे तिकीट

परदेशस्थ घरांत या सगळ्या वेळापत्रकाला एक विचित्र छेद जातो, तो भारतवारीचा. डिसेंबरात तीन-चार आठवडे घर बंद, आणि पक्षी शेजाऱ्याकडे किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याकडे. ऑक्टोबरात आणलेला पक्षी नोव्हेंबरअखेर जोडीत सोडून लगेच विमानात बसणे म्हणजे ओळखीचा सर्वांत नाजूक काळ अनोळखी माणसाच्या हाती देणे. ज्याने या पक्ष्यांना कधी पाहिलेले नाही त्याला कुरबुर आणि मारामारी यांतला फरक कसा कळावा? प्रवासाआधी किमान महिनाभर तिघे नीट नांदत असतील तरच एकत्र ठेवून जावे, अन्यथा दोन पिंजरे. त्याहून बरे म्हणजे परतल्यावर, जानेवारीत, पक्षी आणावा. तेव्हा दिवस लहान असतात, माद्या तुलनेने शांत असतात, आणि घरात कोणीतरी नक्की असते.

काही जोड्या तिसऱ्याला कधीच स्वीकारत नाहीत. सहा-आठ आठवड्यांच्या प्रयत्नांनंतरही पाठलाग थांबला नाही तर तो प्रयोग तिथेच सोडावा. दोन पिंजरे एकाच खोलीत, मध्ये हातभर अंतर, आणि संध्याकाळी देखरेखीखाली तासभर एकत्र उडणे ही व्यवस्था कायमची असू शकते. नव्याला पलीकडचे दोघे दिसतात, ऐकू येतात, आणि रात्री त्याच्या दांडीवर त्याला कोणी ढकलत नाही. तो दुसरा पिंजरा विकायची घाई मात्र पहिल्या वर्षात करू नये. एकत्र नांदणाऱ्या तिघांतही वसंत ऋतूत मादीचा सिअर तपकिरी झाला की त्याची गरज पुन्हा लागते.